आठवी-नववीच्या मुलांना कॅमेरा घेऊन रानात न्यायचंय (सांगली-सातारा): कुठून सुरुवात करावी?

कृष्णाकाठ

सांगलीजवळच्या एका शाळेत निसर्ग मंडळ सुरू करतोय. आठवी-नववीची २४ मुलं-मुली. हाताशी १५ मोबाईल (बहुतेक दहा-बारा हजारांच्या आतले, पालकांचे), दोन जुने डीएसएलआर कॅमेरे (एकावर १८-५५ मिमी लेन्स, रुंद दृश्यांची; दुसऱ्यावर ५५-२५०, लांबचं जवळ आणणारी) आणि एक ८×४२ दुर्बीण आहे. मुलं फोटोच्या निमित्ताने झाडं-पाखरं बघायला शिकावीत, एवढाच हेतू. स्पर्धा, प्रदर्शन वगैरे डोक्यात नाही.

सप्टेंबरात कासला एक दणदणीत सहल काढून सुरुवात करावी असा विचार आहे. पाच प्रश्न:

१. कास बरोबर आहे का, की दुसरं काही?
२. मोबाईलवर नीट फोटो येण्यासाठी नेमकं काय शिकवायचं?
३. दोन कॅमेरे २४ जणांत कसे फिरवायचे?
४. परवानग्या आणि सुरक्षितता?
५. सहलीनंतर फोटोंचं काय करायचं?

जाणकारांनी सविस्तर लिहावं ही विनंती.

---

पठारवारी

कासला जरूर न्या, पण पहिल्यांदा नको. तिसरी-चौथी फेरी म्हणून ठेवा.

कास म्हणजे जांभा खडकाचं, साधारण १२०० मीटर उंचीवरचं सपाट माथं. खडकावर मातीचा थर बऱ्याच ठिकाणी काही सेंटिमीटरच. त्या थरात पावसाचं पाणी साठतं आणि त्यावर ऑगस्ट अखेर ते ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत फुलांचे गालिचे येतात. माती इतकी पातळ असल्यामुळे एक पाऊल चुकीच्या जागी पडलं की ती दबते, पाणी मुरत नाही आणि तिथलं रोप पुढच्या वर्षी येईलच याची खात्री राहत नाही. ज्या मुलाला अजून 'फोटोसाठी कुठे पाय ठेवायचा' हे कळलेलं नाही, त्याला तिथे सोडणं पठारावर अन्याय आहे. २०१२ साली पश्चिम घाटाच्या जागतिक वारशात कासचा समावेश झाल्यापासून गर्दीही अफाट. हंगामात ऑनलाइन बुकिंग लागतं, रोजच्या पर्यटकांच्या संख्येला मर्यादा असते. शनिवार-रविवार टाळाच.

दुसरं कारण, तिथे सगळंच सुंदर आहे. मुलं भिरभिरतात, तासाभरात ४०० फोटो काढतात आणि घरी गेल्यावर एकाही फुलाचं नाव सांगता येत नाही.

नेलंत तर असं करा. प्रत्येक गटाला फक्त तीन फुलं वाटून द्या. माझी निवड: सीतेची आसवे, गेंद आणि दवबिंदू. सीतेची आसवे निळी-जांभळी, वीतभर दांड्याची. ओल्या मातीतल्या तिच्या सूक्ष्म पिशव्या बारीक जीव पकडतात. दवबिंदूच्या पानावरचे चिकट थेंब किडे धरतात. म्हणजे दोन्ही कीटकभक्षी, पण सापळे वेगळे. मातीत नत्र कमी, म्हणून ही सोय. एवढं सांगितलं की मूल पोटावर झोपून अर्धा तास एकाच रोपापाशी थांबतं (वाटेवरच झोपायचं, गालिच्यावर नाही). गेंदाच्या पांढऱ्या गुंड्या मोबाईलमध्ये हमखास फाटतात (नुसता पांढरा डाग उरतो), उजेड कमी करून काढाव्या लागतात. ते इथली लेन्सवाली सांगेलच.

सांगलीतून साताऱ्यापर्यंत अडीच-तीन तास, पुढे कास आणखी २५ किमी घाटरस्ता. मुलांना गाडी लागते. आंबवडी-आवळासुपारी जवळ ठेवा.

---

खंड्या

पठारवारींशी शंभर टक्के सहमत. पहिल्या दोन फेऱ्या शाळेपासून ३ किमीच्या आत, चालत जाता येईल अशा. ओढा, विहीर, शेताचा बांध, जुनी आमराई, काहीही चालेल.

पहिल्या दिवशीचा सराव: ४ मीटर सुतळीची दोन्ही टोकं बांधून जमिनीवर एक मीटर बाजूचा चौकोन. चौकोनाला तीन मुलं. पहिली २० मिनिटं फोन पिशवीत. वहीत दहा नोंदी झाल्याशिवाय फोन बाहेर काढायचा नाही. "मुंगी" ही नोंद धरायची नाही. "काळी मुंगी, पोट वर उचलून चालते, गवताच्या बीला ओढते" ही नोंद. मग ३० मिनिटं फोटो. पहिली दहा मिनिटं मुलं कंटाळतात, चुळबुळ करतात, "सर, इथं काहीच नाही" म्हणतात. तेव्हा शिक्षकांनी मध्ये पडून काही दाखवायचं नाही. बहुतेक उपक्रम इथेच फसतात, कारण मोठ्या माणसाला ती शांतता सोसत नाही.

दुसरा नियम ३६ फ्रेमचा. पूर्वी रोलमध्ये ३६ फोटो असायचे, तेवढेच दिवसभरात. जागेवर डिलीट करून आकडा पुन्हा भरायचा नाही. बर्स्ट मोड (एका दाबात सलग बरेच फोटो) बंद. मूल बटण दाबण्याआधी विचार करतं ते फक्त आकडा संपत आल्यावर.

गट १२-१२चे दोन करा, वेगवेगळ्या दिवशी. सहा मुलांमागे एक मोठं माणूस. २४ जणांचा घोळका आला की पाखरं अर्धा किलोमीटर आधीच उठतात.

---

लेन्सवाली

मोबाईलबद्दल. क्रमाने करून घ्या, सगळं एका दिवसात नको.

*लेन्स पुसणं.* हसू नका. धुरकट फोटोंचं पहिलं कारण खिशातलं तेलकट बोट. जुन्या सुती बनियनचा धुतलेला तुकडा प्रत्येकाकडे. आधी फुंकर मारून धूळ उडवायची, मग पुसायचं, नाहीतर वाळूचा कण काचेवर घासला जातो.

*मॅक्रोच्या (अगदी जवळच्या फोटोच्या) चिन्हाला भुलू नका.* स्वस्त फोनमध्ये '२ मेगापिक्सल मॅक्रो' नावाचा वेगळा कॅमेरा असतो, त्याचे फोटो चिखलासारखे येतात. मुख्य कॅमेराच वापरा. तो साधारण ८-१० सेंमीपेक्षा जवळचं फोकस करत नाही. फोटो अस्पष्ट आला की मुलं आणखी जवळ जातात, तिथे चूक होते. उलट वीतभर मागे यायचं, फोकस लागू द्यायचा आणि नंतर कापून घ्यायचं. चिमटावाली क्लोज-अप लेन्स घ्यायची तर पाच-सहा पुरतात. तिचं फोकसचं अंतर जेमतेम २-३ सेंमी असतं, त्यामुळे बसलेल्या किड्यांपेक्षा पानं, बिया, शेवाळ यांना ती बरी.

*फोकस आणि उजेड कुलूपबंद करणं.* हव्या त्या जागी बोट दाबून धरलं की कुलपाचं चिन्ह येतं. मग शेजारच्या सूर्याच्या पट्टीवरून उजेड खाली ओढायचा. पांढरं काहीही (बगळा, गेंद, तगरीचं फूल) दिसलं की आधी उजेड कमी. फाटलेल्या पांढऱ्यातून पुढे काहीच परत मिळत नाही, काळवंडलेल्यातून थोडं मिळतं. दाट धुक्यात मात्र उलटं करायचं. फोन धुक्याला राखाडी करतो, तिथे पट्टी थोडी वर.

*झूम.* दोन बोटांनी ताणलेला झूम म्हणजे फक्त कापलेला फोटो. एकच लेन्स असेल तर तो वापरायचाच नाही. पायांनी जवळ जा, किंवा पक्षी लहानच दिसू दे आणि त्याचं झाड, पाणी, आकाश यांचा फोटो कर. दूरच्या बगळ्याचा ठिपका करण्यापेक्षा पाण्यातल्या उभ्या बाभळींमध्ये बगळा हा फोटो कितीतरी चांगला होतो.

*वारा.* फुलाचे फोटो हलतात ते हाताने कमी आणि वाऱ्याने जास्त. वाऱ्याच्या दोन झुळकांमध्ये फूल क्षणभर थांबतं, त्या क्षणाची वाट बघायची. दुसऱ्याने पाठीने वारा अडवायचा. फूल हाताने धरायचं नाही, आजूबाजूचं गवत उपटायचं तर नाहीच.

एका वनस्पतीचे किमान पाच फोटो: पूर्ण झाड, फूल समोरून, फूल बाजूने, पानाची वरची बाजू, पानाची खालची बाजू. एका फोटोत दहा रुपयांचं नाणं शेजारी (व्यास २७ मिमी). नुसत्या समोरच्या फुलावरून जाणकारालाही नाव सांगता येत नाही.

---

कृष्णाकाठ

सगळ्यांचे आभार. चौकोनाचा सराव आवडला, कास पुढे ढकललं. पण दोन डीएसएलआर आणि एका दुर्बिणीचं काय करू? मुलांचं सगळं लक्ष तिकडेच असणार. दुर्बिणीला मोबाईल लावून फोटो येतात असं ऐकलंय.

---

लेन्सवाली

कॅमेरा व्यक्तीला नाही, जागेला द्या. ५५-२५० वाला एका ठिकाणी बीनबॅगवर (धान्य भरलेल्या पिशवीवर) ठेवायचा आणि मुलांनी पाळीने त्याच्याकडे यायचं, प्रत्येकी ८ मिनिटं. पट्टा गळ्यात असल्याशिवाय कॅमेरा हातात नाही.

बीनबॅग विकत आणू नका. जुन्या जीन्सच्या पायाचा ३० सेंमी तुकडा, एक तोंड शिवलेलं, दुसऱ्याला नाडी. रिकामी न्यायची आणि जाताना वाटेतल्या दुकानातून किलोभर हरभरे भरायचे. परत येताना उसळ. पावसात धान्य भिजून आंबतं, तेव्हा आतून प्लास्टिकची पिशवी.

कॅमेऱ्याची मांडणी: मोड 'एस' (किंवा 'टीव्ही'), म्हणजे शटरचा वेग आपण ठरवायचा, बाकी कॅमेरा बघतो. बसलेला पक्षी १/५०० सेकंद, चालणारा-चरणारा १/१०००, उडणारा १/१६०० किंवा जास्त. आयएसओ (उजेडाला किती संवेदनशील) ऑटो, कमाल ३२००. सतत फोकस, मधला एकच बिंदू. मुलांना 'एम' मोड (सगळं हाताने ठरवायचा) पहिल्या वर्षी दाखवू नका. ती चाक फिरवत बसतात आणि पक्षी जातो. हलकासा दाणेदार फोटो चालतो, हललेला चालत नाही, हे एकदा दोन्ही फोटो शेजारी ठेवून दाखवा. १८-५५ ला फुलांसाठी एफ/८ वर (लेन्सच्या छिद्राचं माप) ठेवा.

दुर्बीण + मोबाईल: होतं, पण धीर लागतो. दुर्बीण तिपाईवर किंवा बीनबॅगवर पक्की. फोनची मुख्य लेन्स नेत्रकाचेच्या बरोबर मध्यावर यायला हवी, १-२ मिमी सरकली तरी काळी चंद्रकोर येते. नेत्रकाचेच्या बाहेरच्या मापाचा पीव्हीसी पाइपचा २-३ सेंमी तुकडा, आतून सायकलच्या ट्यूबची पट्टी, आणि तो फोनच्या जाड कव्हरला चिकटवायचा. जुगाड उत्तम चालतो. डोळ्याची रबरी कड वर-खाली करून काळी कड सगळ्यात कमी कुठे होते ते बघा, उरलेल्यासाठी १.५ ते २ पट झूम. हा एकच झूम मान्य. दोन-तीन लेन्सवाला फोन आपोआप लेन्स बदलतो आणि चित्र एकदम काळं होतं, म्हणून एकलेन्सचा जुना फोन जास्त बरा. बटण न दाबता २ किंवा ३ सेकंदांचा टायमर लावा, नाहीतर दाबतानाच सगळं हलतं.

---

माणगंगा

पाणपक्ष्यांसाठी हिवाळ्यात विट्यावरून मायणी आणि येरळवाडी. दोन्ही खटाव तालुक्यात, येरळा नदीच्या खोऱ्यात. डिसेंबर ते फेब्रुवारी. चक्रवाक, पट्टकादंब, चित्रबलाक, शेकाट्या, आणि नशीब असेल तर रोहित. मुलांना "रोहित दाखवायला नेतोय" असं सांगू नका. रोहित पक्षी उथळ पाण्यात, चिखल गाळून खातो. पाऊस चांगला झाला आणि तलाव काठोकाठ भरला की उथळ जागाच उरत नाही, मग तो दुसरीकडे जातो. पाणी ओसरलेल्या वर्षी संधी जास्त. दुष्काळी भागाचं हे एक उफराटं गणित आहे, पण मुलांना ते समजावून सांगण्यासारखं आहे.

बाकी गोष्टी:

सकाळी तलावाच्या पूर्वेच्या काठावर थांबा, म्हणजे सूर्य पाठीशी आणि पक्ष्यांवर समोरून उजेड. पश्चिमेला उभं राहिलात तर सगळे पक्षी काळ्या सावल्या. जानेवारीत सूर्योदय सातच्या सुमाराला होतो, साडेसहाला जागेवर बसलेलं असावं. नऊनंतर पाण्यावरची चमक त्रास देते.

जवळ जाताना सरळ रेषेत चालायचं नाही, तिरकं, थांबत-थांबत, एका ओळीत. पक्षी चरायचं सोडून मान वर करून बघायला लागला की थांबा. पुन्हा चरायला लागला तर दोन पावलं. पुन्हा मान वर केली तर तीच तुमची हद्द, तिथेच बसा. पट्टकादंबांसारखे पक्षी हिमालय ओलांडून आलेले असतात; त्यांना उठवून उडताना फोटो काढणं म्हणजे त्यांची शिदोरी सांडणं.

कपडे मातकट, शाळेचा पांढरा गणवेश नको. आणि भडंग कृपया स्टीलच्या डब्यात. त्या पिशवीचा चुरचुराट शांत तलावावर फार लांब जातो.

तळ्याकाठी स्वच्छतागृह नाही असं धरूनच चाला. मुली असतील तर गावातल्या शाळेशी आधी बोलून ठेवा. हा मुद्दा कुणी लिहीत नाही, आणि मुली दुसऱ्या वेळी येत नाहीत त्याचं कारण बरेचदा हेच असतं.

---

सावज

एवढं वाट बघत बसण्यापेक्षा ब्लूटूथ स्पीकरवर पक्ष्याचा आवाज लावा. दोन मिनिटांत समोर येऊन बसतो. मुलं खूश, फोटोही फ्रेमभर.

---

खंड्या

@सावज, नका करू. पक्षी खूश होऊन येत नाही, 'माझ्या हद्दीत दुसरा नर शिरला' म्हणून भांडायला येतो. विणीच्या काळात तेवढा वेळ तो पिलांपासून दूर. मुलं एकदा हे शिकली की प्रत्येक सहलीत करतील.

याच यादीत: घरट्याचे फोटो नाहीत. सुगरणीची वसाहत अपवाद म्हणा, कारण ती विहिरीवरच्या बाभळीवर उघडीच असते. जुलै ते सप्टेंबर दुरून बघता येते, नर घरटं विणताना पाऊण तास सहज जातो. रात्रीच्या प्राण्यांवर फ्लॅश नाही. सर्पमित्राच्या हातातल्या सापाचे फोटो नाहीत. नागपंचमीच्या नागांसाठी प्रसिद्ध बत्तीस शिराळ्याच्या जिल्ह्यात राहून हे सांगणं जरा अवघड जाईल, पण वन्यजीव संरक्षण कायदा १९७२चा आहे आणि नववीच्या मुलाला तो कळतो.

---

देवराष्ट्रे फाटा

सागरेश्वर कुणी कसं लिहिलं नाही? सांगलीकरांना सगळ्यात सोयीचं. १०.८७ चौ. किमी, म्हणजे मुलांच्या आवाक्यातलं. उघड्या बोडक्या डोंगरावर धों. म. मोहिते यांच्या ध्यासातून उभं राहिलेलं, १९८५ साली अभयारण्य झालेलं रान. माणसाने लावलेलं जंगल असूनही चितळ, सांबर आहेत. पावसाळ्यानंतर गवत उंच असतं, हरणं दिसत नाहीत. डिसेंबरपासून गवत वाळतं-आडवं होतं तेव्हा न्या. माथ्यावरून कृष्णाकाठचा हिरवा उसाचा पट्टा आणि इकडचा कोरडा डोंगर एकाच फ्रेममध्ये येतात. '१८-५५' चं काम इथे.

परवानगी: शाळेच्या लेटरहेडवर अर्ज, दिनांक, मुलांची संख्या, सोबतची माणसं, वाहन क्रमांक. वनविभागाच्या परिक्षेत्र कार्यालयात किमान १५ दिवस आधी. दारावर प्रवेश आणि कॅमेरा शुल्क वेगळं असतं. ड्रोन विसरा. पालकांचं संमतीपत्र, त्यात ॲलर्जी, दमा, फिट्स याचा रकाना.

आता धोके, कारण धागाकर्ते कृष्णाकाठचे आहेत.

मगर. भिलवडी, औदुंबर, डिग्रज या पट्ट्यात कृष्णेत मगरी आहेत. हिवाळ्यात सकाळी नऊ-दहानंतर ऊन खायला काठावर येतात, फोटोसाठी उत्तम विषय. पण फोटो पुलावरून किंवा उंच दरडीवरूनच. वाळूच्या पुळणीवर किंवा पाण्याच्या कडेला मूल उतरवायचं नाही, घाटाच्या शेवटच्या पायऱ्यांवरही नाही.

बिबट्या. शिराळा, वाळवा, कराड भागात उसात असतो. पहाटे आणि संध्याकाळी उसाच्या कडेला मुलांना बसवून ठेवू नका, लहान मूल खाली वाकलं तर जास्तच धोका. चौकोनाचा सराव उघड्या बांधावर, दिवसा.

साप. कासच्या जांभ्यावर आणि आपल्याकडच्या माळावर दगडाखाली फुरसं असू शकतं. फोटोसाठी दगड उलटायचा नाही. घोट्याच्या वरपर्यंत बूट. चावलाच तर बांधायचं नाही, कापायचं नाही, चोखायचं नाही. अवयव हलू न देता १०८ ला फोन आणि थेट सरकारी रुग्णालय. जवळचं प्रतिसर्पविष कुठे मिळतं ते निघण्याआधी फोन करून विचारून ठेवा.

आग्या मोहोळ. दांडोबा, अजिंक्यतारा, कुठल्याही कड्याखाली आधी वर बघा. अत्तर, धूर, दंगा नको.

---

पठारवारी

भर घालतो. साताऱ्याकडे येणारच असाल तर यवतेश्वरच्या उतारावरचं महादरे फुलपाखरांसाठी बघा. सकाळच्या पहिल्या उन्हात फुलपाखरं पंख पसरून अंग शेकत असतात, तीच फोटोची वेळ. दहानंतर पकडापकडीचा खेळ होतो. आपली सावली त्याच्यावर पडली की ते उडतं, म्हणून सूर्याची दिशा बघून खालच्या बाजूने जायचं. पंख मिटलेला आणि उघडलेला असे दोन्ही फोटो हवेत, ओळख बऱ्याचदा खालच्या बाजूच्या नक्षीवरून पटते. नीलवंत (ब्लू मॉरमॉन, २०१५ पासून राज्य फुलपाखरू) ओलसर मातीवर क्षार शोषायला बसलेला सापडला तर मुलं महिनाभर त्याबद्दल बोलतील.

पावसातलं सामान: सँडविचची झिपवाली पिशवी, लेन्सपुरतं भोक, रबरबँड. एसी गाडीतून उतरलं की काचेवर दव जमतं, ते पुसू नका. त्याऐवजी पोहोचण्याआधी २० मिनिटं एसी बंद ठेवा. परत आल्यावर कॅमेरा रात्रभर घरात, पिशवीबाहेर वाळवा, मग धान्याच्या हवाबंद डब्यात सिलिका जेलसोबत. निळी जेल गुलाबी झाली की तव्यावर मंद आचेवर भाजून पुन्हा निळी करता येते (स्वयंपाकाचा तवा नको). दोन पावसाळे कॅमेरा कापडी पिशवीत ठेवलात तर लेन्समध्ये बुरशीची जाळी दिसायला लागतेच.

---

लेन्सवाली

पाचवा प्रश्न राहिला.

व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवू नका, 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा. नाहीतर फोटो दाबून लहान होतो, तारीख-वेळही जाते. ३६ मधून मुलाने स्वतः तीन निवडायचे. शिक्षकांनी निवडले की मुलं शिक्षकांना आवडतील तसे फोटो काढायला लागतात. प्रत्येकाखाली तारीख, वेळ, जागा आणि 'तो जीव काय करत होता' ही एक ओळ. 'सुंदर फूल' लिहिलेलं परत द्यायचं. तीन फोटोंच्या ४×६ प्रिंट, वर्गाच्या भिंतीवर, महिनाभर. स्क्रीनवरचा फोटो मूल दोन सेकंद बघतं, भिंतीवरचा रोज.

नावं ओळखण्यासाठी आयनॅचरलिस्टवर (जीव ओळखायला मदत करणारं ॲप) शाळेचं एकच खातं शिक्षकांच्या नावाने काढा, मुलांची वेगळी नकोत. पक्ष्यांच्या याद्या ईबर्डवर. दुर्मीळ वनस्पतीचं किंवा घुबडाच्या ढोलीचं अचूक ठिकाण लपवून ठेवा, फोनच्या कॅमेऱ्यातलं लोकेशनही बंद करा. अॅपने सुचवलेलं पहिलं नाव खरं मानायचं नाही, तिथेच वहीतल्या नोंदी आणि पाच फोटो कामाला येतात.

---

कृष्णाकाठ

मग असं ठरवतो. ऑगस्टमध्ये ओढ्याकाठी चौकोन दोनदा (१२-१२), सप्टेंबरात सुगरण, डिसेंबरात सागरेश्वर, जानेवारीत येरळवाडी. कास पुढच्या वर्षी, मधल्या वारी. फेब्रुवारी-मार्चचं काही सुचवता का? परीक्षा असतात, लांब जाता येणार नाही.

---

माणगंगा

फेब्रुवारीत लांब जायची गरजच नाही. शाळेजवळ फुललेली काटेसावर, पळस किंवा पांगारा शोधा. पानं गळलेली, लाल-केशरी फुलं, मध प्यायला साळुंक्या, कोतवाल, शिंजीर, खारी, सगळे एकाच झाडावर. पाखरांना लपायला पान नाही आणि फांदी उघडी, म्हणून ५५-२५० ला यापेक्षा सोपं काम नाही. सकाळी सात ते आठ, शाळा भरायच्या आत आटोपतं. फक्त झाडाखाली नको, १५-२० मीटर दूर बसा. मान दुखत नाही आणि फोटोत नुसती पोटं येत नाहीत.

---

खंड्या

आणि ऑगस्टच्या चौकोनाला साधी सुतळी घेऊ नका. भिजली की आखडते आणि रंग मातीसारखा, दिसतच नाही. पिवळी नायलॉन दोरी घ्या, निघताना मोजून परत आणा.